उतारावर लावलेली गाडी

मे महिना अर्धा उलटला की आमच्या डोंबिवलीच्या गल्ल्यांमधून गाद्या फिरायला लागतात. टेम्पोच्या हौद्यात आडवी घातलेली कपाटं, दोरीने आवळलेला फ्रिज, त्यावर उलट्या बांधलेल्या खुर्च्या आणि या सगळ्याच्या डोक्यावर गुंडाळलेल्या गाद्या. शाळांचे निकाल लागलेले असतात, पावसाला थोडा अवकाश असतो आणि बिल्डरने जागा खाली करायला दिलेली मुदत संपत आलेली असते. आंबे, लग्नं आणि शिफ्टिंग, असा आमच्याकडचा उन्हाळा. असा टेम्पो दिसला की इतर बायका विचारतात, कुणाची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली? मी आधी बघते गाडी कशी लावलीय. सपाटीवर, इंजिन बंद करून लावलेली दिसली की मी चालता चालता थांबते. आता हे लोक ही सुरू कशी करणार, असं मनात येऊन जातं. मग लक्षात येतं की बाई, ही आपली नाही, जगातल्या बाकीच्या गाड्या चावीने सुरू होतात.

आमची उताराने सुरू होते.

आमची म्हणजे एक जुना डिझेल पिकअप. माझे सासरे, नाना, एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मेन्टेनन्सला होते. कारखाना बंद झाला तेव्हा लोकांनी आठवण म्हणून भिंतीवरची घड्याळं नेली, कुणी टेबलफॅन नेला, एकाने कॅन्टीनचं पातेलं नेलं. नानांनी पिकअप आणला. त्याच सुमारास माझं लग्न ठरत होतं. मुलाकडे गाडी आहे, असं मध्यस्थांनी माझ्या वडिलांना सांगितलं. कुठली गाडी, हे विचारायचं आमच्याकडे कुणालाच सुचलं नाही. मी शालू नेसून, हातात माप ओलांडायच्या आधीचा नारळ घेऊन, स्टुलावर पाय ठेवून तिच्यात चढले तेव्हा आईने जो चेहरा केला होता तो फोटोत आला आहे.

गाडी एकेकाळी पांढरी होती म्हणतात. रंगाच्या कारखान्यातली गाडी आणि तिलाच रंग नाही, हा माझ्या नवऱ्याचा, विनयचा, ठरलेला विनोद. डावा दरवाजा बाहेरून उघडत नाही, आत बसलेल्याने उघडून द्यावा लागतो. सीटमधली एक स्प्रिंग आहे, ती कुठे आहे हे माहीत असलेला माणूस घरचा. आत डिझेलचा, तापलेल्या रेक्झिनचा आणि कधीतरी सांडलेल्या ताकाचा वास कायमचा मुक्कामाला आहे. शाळेत मी स्टाफरूममध्ये शिरले की इतिहासाच्या बाई खिडकी उघडायच्या आणि म्हणायच्या, आज गाडीने आलीस वाटतं. महिन्या-दोन महिन्यांनी हिच्या डिझेलच्या पाइपात हवा शिरते, मग नाना बॉनेटमध्ये डोकं घालून हातपंप मारत बसतात आणि मी टॉर्च धरून उभी. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे तुटतात. सायलेन्सर लोंबतो. पासिंगची तारीख जवळ आली की घरात कुणाचं तरी दहावीचं वर्ष असल्यासारखं वातावरण असतं, टीव्हीसुद्धा हळू लावायचा. एवढी सरबराई कुणी पोटच्या पोराचीही करत नाही. आणि एवढं करून तिला चावीने सुरू करणारा सेल्फ नाही.

म्हणजे होता. पण तो सारखा जायचा. दुरुस्त करून आणला की चार दिवस बरा, पुन्हा चावी फिरवली की नुसतं टिक. शेवटी नानांनी त्याचा नाद सोडला. घासाघीस कशाला, उतार फुकट आहे, असं त्यांचं म्हणणं. आमची गल्ली चांगली उताराची होती. बिल्डिंगच्या फाटकाशी गाडी तोंड खाली करून लावायची आणि पुढच्या चाकाखाली उटी सरकवायची. उटी म्हणजे चाक अडवायचा दगड, एसटीवाले म्हणतात तो. आमची उटी म्हणजे वाटणाच्या फुटलेल्या पाट्याचा अर्धा तुकडा होता, अजून त्यावर टाकी लावल्याच्या खुणा आहेत. त्याला एक दोरी बांधलेली. सकाळी एकाने आत बसून ब्रेक दाबायचा, चावी अर्धी फिरवायची, पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं. दुसऱ्याने दोरी ओढून उटी काढायची. गाडी घरंगळायला लागली की क्लच सोडायचा, ती एक गचका देते, काळा धूर सोडते आणि खोकत खोकत सुरू होते. तेवढ्यात दुसऱ्याने धावत येऊन उघड्या ठेवलेल्या दरवाजातून आत चढायचं. दगड मांडीवर घेऊन.

या कामाला माणसं दोन लागतात. माझ्या लग्नानंतर बरीच वर्षं ते दुसरं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई होत्या. त्यांना मी आईच म्हणायचे. साडी गुडघ्याएवढी वर खोचून त्या उटी काढायच्या आणि चालत्या गाडीत अशा चढायच्या की मी गॅलरीतून डोळे मिटून घ्यायचे. भाजी आणायची असो की कल्याणला नानांच्या बहिणीकडे जायचं असो, नाना एकटे गाडी काढत नसत, कारण काढताच यायची नाही. मला हा सगळा तमाशा वाटायचा. सुशिक्षित घर, पेन्शन, पोरगा चांगल्या कंपनीत, आणि सासू रस्त्यात दगड घेऊन धावते आहे. मी विनयला म्हणायचे, अरे, सांग ना त्यांना, नवीन सेल्फ बसवा. तो म्हणायचा, तू सांगून बघ.

मग आई आजारी पडल्या. ते दिवस मला नीट आठवत नाहीत, म्हणजे आठवायचे नाहीत. दवाखाना, डबे, पुन्हा दवाखाना. मी शाळा आणि घर बघत होते, नाना आणि विनय दवाखाना. पावसाळा संपता संपता आई गेल्या.

दिवसकार्य आटोपून पाहुणे गेले त्यानंतरची एक सकाळ मला पक्की आठवते. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली नाना गाडीत जाऊन बसलेले. दोन्ही हात स्टिअरिंगवर. डावा दरवाजा नेहमीसारखा उघडा ठेवलेला. मी बादली रिकामी केली तरी ते तसेच. मला वाटलं, हे जायला निघाले आहेत आणि उटी काढायला कुणी नाही, आणि हाक मारायची ती कुणाला, हे त्यांना कळत नाहीये.  मी तशीच गाऊनवर ओढणी घेऊन खाली उतरले, दोरी ओढली आणि उटी काढली. त्यांनी दचकून माझ्याकडे बघितलं. गाडी हलली. मी धावले, मला काही आईंसारखं जमेना, गुडघा आपटला, पण चढले. ती गचका खाऊन सुरू झाली. नाना म्हणाले, "लागलं का?" मी म्हटलं नाही. आम्ही बाजारात जाऊन कोथिंबीर घेऊन आलो. घरात होती.

तेव्हापासून ते दुसरं माणूस मी.

आता यात प्रेमबिम शोधू नका, मी सतत चिडलेली असायचे. शाळेत जायची घाई, पोळ्या राहिलेल्या आणि खालून हॉर्न. पुढे मी त्याच गाडीवर चालवायलाही शिकले, आणि नानांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना ड्रायव्हिंग बंद करायला सांगितलं. नानांच्या मते सुरू करणं म्हणजे ड्रायव्हिंग नव्हे. म्हणून सुरू करायची नानांनी, उटी काढायची मी, उताराच्या तळाशी जागा बदलायची आणि पुढे चालवायची मी. चालवताना शेजारून सूचना चालू: क्लचवरून पाय काढ, गिअर टाक, हे काय स्कूटर आहे का. आणि एक सूचना कायमची. चावी अर्ध्याच्या पुढे फिरवायची नाही, जुनं वायरिंग आहे, जळेल. ही त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितली आणि मी ती गॅसचं बटण बंद करण्याइतक्या काटेकोरपणे पाळली.

या गाडीमुळे मला ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा प्रदेश उतारांनी पाठ झाला. लोक दुकानांच्या खुणा सांगतात, आम्ही चढ सांगतो. कल्याणला पत्रीपुलाच्या बाजूला जागा मिळाली तर उत्तम. माजिवड्याला पुलाखाली एक बोळ आहे, तो दिसतो सपाट पण आहे उतरता. आमचा दाताचा डॉक्टरसुद्धा उतार बघून ठरवलेला, तो दात चांगले काढतो की नाही हा विषय नंतरचा. आणि खाडीकडचं कोलशेत म्हणजे आमच्यासाठी अक्षरशः पाटावर पाणी ओतलं तरी हलणार नाही असं. तिथे विनयच्या मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. उतार नाही म्हणून गाडी चालूच ठेवायची आणि आम्ही पाळीपाळीने जेवायचं असं ठरलं. विनय पहिल्या पंगतीला बसला, मी गाडीत. मग मी आणि नाना बसलो, विनय गाडीत. विनयला कुणीतरी फोटोला बोलावलं, तेवढ्यात मुलाकडच्या एका भल्या माणसाला वाटलं, कोण हे वेंधळे लोक, गाडी चालू ठेवून गेलेत. डिझेल वाचवायला त्याने चावी बंद केली आणि सांभाळून आणून नानांच्या हातात दिली. त्याला केवढं समाधान वाटत होतं. पुढचा अर्धा तास शालू नेसलेल्या बायका आणि फेटे बांधलेले पुरुष मिळून आमचा पिकअप ढकलत होते. नवरामुलगा हार सांभाळत मागे धावत होता. नाना बाजूला उभे राहून आपल्या चपलांकडे बघत होते. मला वाटलं, लाज वाटते आहे त्यांना. ती वाटतच होती, पण कशाची ते मला फार उशिरा कळलं.

आता त्या उन्हाळ्याकडे येते. आमची बिल्डिंग पाडायची ठरली. मे अखेर सगळ्यांनी जागा खाली करायची, मग तीनचार वर्षं भाड्याने कुठेतरी राहायचं आणि मग नव्या टॉवरमध्ये परत. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये नाना उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं की सगळ्या बिऱ्हाडांचं सामान आपल्या पिकअपमधून जाईल, कुणी टेम्पो सांगायचा नाही. टाळ्या वाजल्या. मी विनयकडे बघितलं, विनयने छताकडे. चालवणार कोण, तर मी, कारण मला शाळेची सुट्टी.

त्या रात्री जेवताना विनयने विषय काढला. भाड्याच्या घराशी हा पिकअप लावणार कुठे? सगळीकडे सपाट काँक्रीट, नाहीतर पोडियमवरचं पार्किंग. नव्या टॉवरमध्ये तर गाड्या एकावर एक रचायचं पार्किंग, त्यात हे धूड शिरणारच नाही. त्यापेक्षा सगळ्यांचं शिफ्टिंग झालं की भंगारवाल्याला द्यावा. नानांनी ताटातलं संपवलं आणि म्हणाले, ठीक आहे. आपण सगळ्यात शेवटी जायचं. तोवर उताराचं घर मिळालं तर गाडी राहील. नाही मिळालं तर देऊन टाक, मी एक शब्द बोलणार नाही. हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. भात गार झाला माझा.

तो महिना मी घामात आणि धुळीत काढला. रोज एक घर उचलायचं. लोकांकडे सामान किती असतं आणि त्यातलं लागतं किती कमी. माळ्यावरून निघालेल्या पितळी समया, पोरांचे रांगायचे वॉकर, बंद पडलेले तीन-तीन मिक्सर. प्रत्येकाला वाटायचं, आपली लोणच्याची बरणी हौद्यात सुरक्षित नाही, ती ताईंच्या पायाशी ठेवा. माझ्या क्लचपाशी एक बरणी कायम असायची. गाद्यांना एक वास असतो, प्रत्येक घराचा वेगळा. कुणाच्या गादीला व्हिक्सचा, कुणाच्या गादीला धूपाचा, आणि तो उन्हात तापून हौद्यातून केबिनमध्ये यायचा. खाली केलेल्या घरात भिंतींवर कॅलेंडरांचे चौकोन पांढरे राहिलेले असायचे आणि तिथे बोललं की आपलाच आवाज मोठा वाटायचा. मग आम्ही कुलूप लावायचो. एक मजला अंधारा होत जायचा. संध्याकाळी मी गाडीतून उतरले की पाठीचा कणा वेगळा काढून ठेवावा असं वाटायचं, आणि नाना म्हणायचे, आता चहा पिऊन अमुक ठिकाणचं घर बघून येऊ.

कारण उताराच्या घराचा शोध चालूच होता. नानांच्या खिशात एक टेनिसचा चेंडू असायचा. एजंट फाटकाशी उभा राहून लिफ्ट, पाणी, स्टेशन किती जवळ हे सांगत असे. नाना त्याचं ऐकून घेत, मग वाकून चेंडू रस्त्यावर ठेवत आणि हात मागे बांधून बघत. चेंडू हलला नाही की घर बाद. आत पाय टाकायची गरज नाही. एजंटला वाटायचं, वास्तूचं काहीतरी असेल. एकाने तर विचारलं, काका, हे कुठल्या ग्रंथात आहे. विनय दरवेळी पुढे निघून जायचा. मी चेंडू उचलून आणायचे. माझी ही कामं.

सामंत काकू आमच्या समोर राहायच्या, एकट्याच, निवृत्त नर्स. त्या भाचीजवळ म्हणून कोलशेतला जाणार होत्या. सामान दोन फेऱ्यांचं निघालं. कोलशेत म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला, पण सांगणार कुणाला. पहिली फेरी टाकली, गाडी अर्थातच चालू ठेवली. नाना म्हणाले, मी इथे काकूंबरोबर सामान लावायला थांबतो, तू एकटी जाऊन दुसरी फेरी घेऊन ये, तिथे विनय आहेच उटी काढायला. फक्त रस्त्यात बंद पडू देऊ नकोस.

आणि ती माजिवड्याच्या नाक्यावर बंद पडली. दुपारची वेळ, मेट्रोच्या खांबांमध्ये अडकलेली वाहतूक, चारही बाजूंनी हॉर्न. मी दुसऱ्या गिअरमध्येच रखडत होते, पाय दुखला, क्लच सुटला. एक गचका आणि सगळं शांत. उतार नाही, दुसरं माणूस नाही. मागून एक बसवाला काय काय बोलत होता, रिक्षावाले बाजूने जाताना आत डोकावून बघत होते, आणि घाम माझ्या डोळ्यांत उतरत होता. मला रडायला आलं आणि त्याहून जास्त संताप आला. गाडीचा, नानांचा, माझ्या वडिलांना गाडी आहे सांगणाऱ्या त्या मध्यस्थांचा. जळू दे वायरिंग, म्हटलं, जळून एकदाची खाक होऊ दे. आणि मी चावी पूर्ण फिरवली.

गाडी सुरू झाली.

पहिल्या फटक्यात. कुरकुरसुद्धा केली नाही. मी पुढे पुलाखाली नेऊन बाजूला घेतली, बंद केली आणि पुन्हा चावी फिरवली. पुन्हा सुरू. पुन्हा बंद केली, पुन्हा सुरू. शेजारच्या भेळवाल्याला वाटलं असणार, बाईला वेड लागलंय. मी तिथे उतरत्या बोळात, उतारावर उभ्या असलेल्या गाडीत बसून, ती चावीने सुरू करत होते.

मला इतका राग आला की काय सांगू. आधी आठवलं ते कोलशेतचं लग्न. शालूतल्या बायका ढकलतायत आणि चावी या माणसाच्या हातात! मग आठवल्या त्या सगळ्या सकाळी, पोळ्या टाकून खाली धावलेल्या, पावसात छत्री मानेत धरून दोरी ओढलेल्या, भर रस्त्यात दगड मांडीवर घेऊन बसलेल्या. मी ठरवलं, आज सोडायचं नाही. फेरी घेऊन परत कोलशेतला पोचेपर्यंत मी मनात सगळं भांडण तयार केलं होतं, कुठून सुरू करायचं ते सुद्धा. पोचले तर काकू आणि नाना रिकाम्या हॉलमध्ये खोक्यांवर बसून चहा पीत होते. नाना घाईघाईने उठून बाहेर आले, आधी गाडीचा आवाज ऐकला, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, बंद नाही ना पडली? मी म्हटलं नाही. का म्हटलं, देव जाणे.

घरी आल्यावर मी विनयला सहज म्हणून विचारलं, या गाडीला शेवटचा सेल्फ कधी बसवलेला रे. तो फोनमध्ये बघत म्हणाला, आईच्या वेळेला. दवाखान्यात कधी पळावं लागेल सांगता येत नाही, उटी कोण काढत बसणार, म्हणून नानांनी नवाकोरा आणून बसवलेला. नंतर गेला असणार परत. जातोच तो.

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली गाडी तोंड उताराकडे करून उभी होती, चाकाखाली उटी. आणि मला ती सकाळ दिसली. दिवसकार्यानंतरची. नाना गाडीत बसलेले, हात स्टिअरिंगवर, शेजारचा दरवाजा उघडा. सेल्फ चालू होता तेव्हा. त्यांना कुठेच जायचं नव्हतं. उटी काढायला कुणी नाही म्हणून ते अडले नव्हते. ते नुसतेच बसले होते, शेजारची जागा रिकामी ठेवून. आणि मी शहाणी गाऊनवर ओढणी घेऊन धावत गेले आणि दगड काढला. आता त्यांनी काय सांगायचं होतं मला? गुडघा फुटलेल्या सुनेला, की अगं, याची गरज नव्हती? गाडी सुरू झालीच होती, म्हणून ते निघाले, आणि कुठेतरी जायचं म्हणून कोथिंबीर आणली. दुसऱ्या दिवशी मी आपणहून खाली गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी हॉर्न वाजवला.

माझा राग गेला नाही, एवढं मात्र स्पष्ट सांगते. तो तसाच होता, फक्त त्याचं काय करायचं ते कळेना.

मे संपायला आठवडाही उरला नव्हता तेव्हा विनयला कल्याणला घर मिळालं. खरोखर चांगलं. स्टेशन पायी, पूर्वेचा उजेड, ओटा मोठा, माझ्या शाळेलाही सोयीचं. आम्ही तिघं फाटकाशी उभे होतो. नानांनी चेंडू ठेवला. रस्ता नवा काँक्रीटचा, आरशासारखा. चेंडू जिथे ठेवला तिथे राहिला. नाना बराच वेळ त्याच्याकडे बघत होते, जणू वाराबिरा आला तर हलेल. मग स्वतःच वाकले, चेंडू उचलला, खिशात ठेवला आणि पहिल्यांदाच एजंटला म्हणाले, चला, घर दाखवा. आत जाऊन त्यांनी नळ सोडून बघितला, खिडक्या उघडून बघितल्या. "घर चांगलं आहे," म्हणाले. "विनय, तू त्या भंगारवाल्याला फोन कर."

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की सेल्फ चालू आहे. तीन शब्द. गाडीही राहिली असती, कल्याणचं घरही मिळालं असतं. ते शब्द माझ्या तोंडात आले होते. नाना स्वतःही ते म्हणू शकत होते आणि म्हणत नव्हते. गाडी भंगारात गेलेली चालेल पण मी इतकी वर्षं उगीच धावले हे मला कळता कामा नये, एवढं त्यांनी ठरवलेलं होतं. आणि मी बोलले असते तर पुढे काय? नाना चावी फिरवून एकटे गाडीत जाऊन बसले असते आणि मी गॅलरीतून बघितलं असतं. खोटं कशाला बोलू, मला खाली उतरायची सवय झाली होती.

मी म्हटलं, मला हे घर पसंत नाही. विनय म्हणाला, काय? मी म्हटलं, स्वयंपाकघर कोंदट आहे. लख्ख उजेड होता तिथे, एजंटने डोळे चोळले. मी म्हटलं, शिवाय नाना, तो आंबिवलीचा फ्लॅट आपण बाहेरूनच बघितला होता ना, तिथला रस्ता मला बरा वाटला होता. आंबिवलीच्या त्या रस्त्यावर चेंडू असा सुटला होता की मी त्याच्यामागे नाल्यापर्यंत धावले होते, पण फार लांब पडेल म्हणून विनयने आत न जाताच नाही म्हटलं होतं. नाना माझ्याकडे बघत राहिले.  विनय घरी पोचल्यावर म्हणाला, एक वेडा होता, आता दोन झाले.

तर आम्ही आंबिवलीला राहतो. डोंबिवलीतली शाळा गाठायला मला आता कुठल्या कुठे लवकर उठावं लागतं, पाणी एक दिवसाआड येतं, ओट्यावर कुकर ठेवला की पोळपाट खाली. या सगळ्याचं खापर मी रोज त्या गाडीवर फोडते, मोठ्याने, तिच्यासमोर उभी राहून. जुनी बिल्डिंग पाडून झाली, तिथे आता खड्डा आहे आणि खड्ड्यात पाणी.

परवा सामंत काकूंनी आमरसाला बोलावलं होतं. कोलशेतला, म्हणजे गाडी चालू ठेवून जेवायचं. माझा गुडघा हल्ली सुजतो, तोच, त्या पहिल्या सकाळी आपटलेला. नाना ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले, शेजारचा दरवाजा आतून उघडून ठेवला. मी कठड्याला धरत धरत खाली आले आणि उटीकडे निघाले तशी त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. माझ्याकडे न बघता, समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "गुडघा दुखतोय ना तुझा. राहू दे आज. चावी पुढे फिरवून बघतो."

मी तिथेच थांबले. मला सेल्फचं कळलंय हे त्यांना माहीत होतं तर. कधीपासून, ते मी विचारलं नाही, बहुधा त्या कोंदट स्वयंपाकघरापासून. त्यांचा हात चावीवर होता. मला एकदम सगळ्याचा पुन्हा राग आला, आणि त्या रागातच रडू आलं.

"नको नाना," मी म्हटलं. "वायरिंग जळेल."

मी वाकले आणि दोरी ओढली. उटी निघाली. गाडी हळूच हलली, मी दगड छातीशी धरून लंगडत तिच्या बाजूने चालू लागले, आणि नानांनी ती माझ्या गुडघ्याच्या चालीने ब्रेक दाबत दाबत उतरू दिली. मी चढून बसले तेव्हा कुठे त्यांनी क्लच सोडला.